वेलांटी आधी, अक्षर मागून

16 जून 2024, रविवार

मृग लागून आठवडा झाला, पाऊस नाही. झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले आहे. कूलरच्या वाऱ्याने वहीची पानं उडतात म्हणून वर स्टेपलर ठेवलाय. याच महिन्यात सी भाषेचा पेपर आहे आणि पॉइंटर अजून धड डोक्यात शिरलेला नाही.

इग्नूच्या बीसीएचं पहिलं वर्ष, वय सेहेचाळीस. इग्नूला वयाची अट नाही. पदवी तीन वर्षांत झाली तर ठीक, नाहीतर सहा वर्षांपर्यंत ओढता येते. बारावीनंतर शिक्षण थांबलं ते घरच्या गरजेपायी, त्याचं रडगाणं इथे नको. टायपिंगचं मराठी तीस, मराठी चाळीस आणि इंग्रजी तीस एवढं हातात होतं. तेवढ्यावर संसार झाला.

पुस्तक यशवंत कानेटकरांचं, 'लेट अस सी'. बर्डीवरून जुनं घेतलं. आधीच्या मालकाने सगळी उत्तरं पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत, त्यातली बरीचशी चूक. देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी ज्या पुस्तकावरून सी शिकली, त्याचा लेखक आमच्या नागपूरचा. ते पुस्तक गाजत होतं त्या काळात मी त्याच शहरातल्या एका प्रेसमध्ये दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायची. पण हे पुस्तक आपल्याही कामाचं असेल असं कधी मनात आलं नाही. आम्ही ऑपरेटर. ऑपरेटरने मशीन चालवायचं, आत डोकवायचं नाही, असा न लिहिलेला नियम होता आणि आम्हीही तो आनंदाने पाळला.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "आई, कायले एवढं डोकं लावून राहिली? पाच वर्षांचे पेपर पाह्य. तेच ते फिरून येते." त्याला म्हटलं, मला पास व्हायची घाई नाही, मला समजून घ्यायचंय. ऐकायला छान वाटलं, पण फी भरली आहे. पास तर व्हायचंच आहे.

24 जून, सोमवार

पेपर झाला. पेनाने प्रोग्रॅम लिहायचा हा एक वेगळाच प्रकार. कागदावर कोणी लाल रेघ मारून चूक दाखवत नाही, अर्धविराम राहिला तर राहिला. शेवटच्या प्रश्नापर्यंत मनगट भरून आलं. बोटांना लिहायची सवय उरलेली नाही, टाइप करायची आहे.

1996 साली टायपिंग शिकले तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये ओळीने गोदरेजची आणि रेमिंग्टनची मशीनं होती. मधली ओळ अजून झोपेतही म्हणता येईल: अनुस्वार, एक मात्रा, क, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी, र, काना, स, य. पुढे प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला आणि त्यावर कृतिदेव फॉन्ट. त्याच जागी तीच अक्षरं, म्हणून नवीन काही शिकावं लागलं नाही. मालकही खूश, आम्हीही खूश. या सोयीची किंमत पुढे कोणी मोजली ते आता कळतंय. पण तो विषय मोठा आहे, आज झोप.

3 जुलै, बुधवार

सोमवारपासून 'माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले आणि दुकानापुढे रांग लागली. महिन्याला दीड हजार रुपये, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. पहिले दोन दिवस बायका उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी धावत होत्या. आता सांगतात की पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, आणि मुदतही 31 ऑगस्टपर्यंत वाढली. अर्ज फुकट आहे हे मी प्रत्येकीला आधी सांगते. माझ्याकडे येतात त्या हमीपत्राची प्रिंट, झेरॉक्स, फोटो आणि धीर यासाठी. चौथ्या गोष्टीचे पैसे लावता येत नाहीत.

नागपूरजवळच्या आमच्या कामठीची रांग म्हणजे तीन भाषांची रांग. नवबौद्ध वस्तीतल्या मावश्या, विणकर मोहल्ल्यातल्या खाला, कॅन्टोन्मेंटच्या बाजूने आलेल्या हिंदी बोलणाऱ्या वहिन्या. "ताई, माह्यं आधारवर नाव येगळं अन् पासबुकात येगळं, आता कसं करू?" "बाजी, आधार पे तो मायके का नाम है, राशन पे ससुराल का. देखो ना ज़रा."

सुनीता हे नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहितात ते आज मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. त्या बाईचा यात काय संबंध? तिने आयुष्यात स्वतःचं नाव रोमनमध्ये लिहिलेलं नाही. ते लिहिलं कोणा शाळेच्या बाबूने, बँकेतल्या क्लार्कने, माझ्यासारख्या ऑपरेटरने, प्रत्येकाने आपल्या मर्जीने. सी भाषेत दोन शब्द ताडून पाहायची एक सोय आहे. तिला दोन नावं दिली की सारखी असतील तर ती शून्य सांगते, एका अक्षराचाही फरक असला की दुसरा आकडा. तिचं काम तेवढंच. फरक निघाला तर पुढे काय करायचं, अर्ज परत पाठवायचा, माणसाला विचारायचं की सोडून द्यायचं, हे कोणीतरी ठरवून लिहिलेलं असतं. कुठे बसून, कोणाला विचारून लिहिलं, ते पडद्यावर येत नाही. पडद्यावर फक्त 'तपशील जुळत नाही' असं येतं आणि बाई मान खाली घालते, जणू चूक तिचीच.

आजी विड्या वळायची. तेंदूपान भिजवायचं, कापायचं, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा, हजारामागे मजुरी. संध्याकाळी माल ठेकेदाराकडे नेला की तो मूठभर विड्या बाजूला सारायचा: छाट. कशासाठी ते सांगायचा नाही. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. पोर्टलवर अर्ज परत आला की माझ्या डोळ्यांपुढे तो ठेकेदार येतो.

17 जुलै, बुधवार

आषाढी आणि मोहर्रम एकाच दिवशी. दुकान बंद. सकाळी टीव्हीवर पंढरपूर, दुपारी खिडकीतून ताशांचा आवाज. उपासाचा साबुदाणा शेजारी गेला, तिकडून सरबत आलं. आज अभ्यास नाही.

20 जुलै, शनिवार

काल सकाळपासून जगभरातले कॉम्प्युटर निळे पडले. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट गेलं आणि विंडोजची मशीनं कोसळली. मायक्रोसॉफ्टचा आकडा सुमारे 85 लाख. सुधारायचं तर प्रत्येक मशीन सेफ मोडमध्ये उघडून एक फाइल काढून टाकायची, म्हणजे माणसाने हाताने.

माझ्याकडे काही झालं नाही. ते महागडं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात, आपल्या मशीनवर ते कुठून असणार! तरी दिवसभर गिऱ्हाईकं विचारत होती, "ताई, तुमचं चालू हाय नं?" एका काकांनी तर सरळ निष्कर्ष काढला की कागदच बरा. त्यांना सातबाराची प्रिंट हवी होती.

10 ऑगस्ट, शनिवार

क्राउडस्ट्राइकने आपली चूक कशी झाली ते जाहीर केलं आहे. मुलाने बातमी वाचून दाखवली आणि मी त्याला परत वाचायला लावली. त्यांच्या एका साच्यात 21 रकाने ठरवलेले होते आणि प्रत्यक्ष माहिती येत होती 20 रकान्यांची. एकविसाव्यात काय आहे ते प्रोग्रॅम बघायला गेला, तिथे त्याचं काही नव्हतं. जे हाती लागलं ते घेऊन कोसळला. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालत असल्यामुळे एकटं पडलं नाही, सगळं मशीन घेऊन पडलं.

कानेटकरांच्या पुस्तकात ॲरेच्या प्रकरणात हीच गोष्ट आहे. वीस जागांची रांग केली आणि एकविसावी मागितली तर सी भाषा हटकत नाही. तुम्ही मागितलंत, ती देते, मग तिथे दुसऱ्या कोणाचं सामान का असेना. डेनिस रिची यांनी 1972च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती जाणत्या माणसांसाठी. दर पावलाला पहारा ठेवला तर मशीनचा वेग जातो, म्हणून तपासायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोडली. निर्णय त्या काळी योग्यच होता. पन्नास वर्षांनी विमानतळावर तिष्ठत बसलेल्या माणसाला तो निर्णय कोणी सांगितला नव्हता एवढंच.

परीक्षेच्या आधी पाठ केलेलं हे प्रकरण आज समजलं. तेही फावल्या वेळात, एका बाईच्या पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी पांढरी करता करता.

मला वाटतं मोठेपणी शिकणाऱ्याची हीच गंमत आहे. विशीतल्या पोरांकडे उत्तरं आधी येतात आणि प्रश्न नोकरी लागल्यावर. आमच्याकडे प्रश्नांचा ढीग वीस-पंचवीस वर्षं साचलेला, त्यावर आता एकेक उत्तर येऊन पडतं. पाठांतरात मी माझ्या पोराच्या मागे आहे आणि राहणार.

16 ऑगस्ट, शुक्रवार

परवापासून बायकांच्या खात्यात पैसे जमा व्हायला लागले, दोन महिन्यांचे मिळून तीन हजार. राखीच्या आधी. ज्यांचे आले त्या पेढे घेऊन आल्या, ज्यांचे आले नाहीत त्या आधार खात्याला जोडलंय का ते बघायला आल्या. एकीचे पैसे भलत्याच बँकेत गेले. तिला वाटलं चोरी झाली. तिने जुन्या एका खात्याला कधीतरी आधार जोडलं होतं, पैसे तिथे पोचले. म्हातारी त्या खात्याचं पासबुकच विसरली होती. शोधून दिल्यावर म्हणाली, "बाप्पा! मशीनले माहीत होतं अन् मलेच नोतं."

दिवाळीपर्यंत तिसऱ्या सत्राचं वाचून संपवायचं ठरवलंय. डेटा स्ट्रक्चर्स. पुस्तक उघडून दोन आठवडे झाले, पान दहावर आहे.

5 सप्टेंबर, गुरुवार

तान्हा पोळा परवा झाला. गल्लीतल्या पोरांनी लाकडी बैल दुकानात आणले, बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मागितले. जुन्या माउसची वायर एका बैलाला वेसण म्हणून गेली.

आज शिक्षक दिन, आणि दुकानात गुरुजीच आले. निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे. हातात पिशवी, पिशवीत एक सीडी. 2003 साली त्यांनी स्वतः रचलेली भीमगीतं आणि जुन्या कामठीच्या आठवणी एका प्रेसमध्ये टाइप करून घेतल्या होत्या. छापायचे पैसे जमले नाहीत आणि पुढे प्रेसही बंद पडला. आता नातू म्हणतो मोबाइलवर टाका. सीडी चालेल की नाही, यातच पंधरा मिनिटं गेली. माझ्या मशीनला सीडीचा ड्राइव्ह नाही, शेजारच्या मोबाइलवाल्याकडून बाहेरचा आणला. चालली.

फाइल उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. गुरुजींचा चेहरा उतरला. मी पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि हसू आलं. डी, के, ई, मोठा बी, एच. माझ्या बोटांनी तो शब्द डोक्याच्या आधी वाचला. कामठी.

कृतिदेवमध्ये मराठी साठवलेली नसतेच. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर मराठी चित्र चढवलेलं. चित्र म्हणजे तो फॉन्ट. फॉन्ट असेल त्या मशीनवर कामठी, नसेल त्यावर कचरा. आमच्या प्रेसमधून वीस वर्षांत जेवढा मजकूर गेला असेल, पत्रिका, स्मरणिका, गावोगावच्या मंडळांचे अहवाल, पीएचडीचे प्रबंध, तो सगळा असाच पडून आहे. गूगलला तो सापडत नाही, मोबाइलवर उघडत नाही. मी टाइप केलेलं माझंच मी शोधू शकत नाही.

गुरुजींना म्हटलं, ठेवून जा. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा प्रमाण पद्धतीत, फुकट बदलून देणाऱ्या साइट आहेत, पण तीनशे पानांत त्या काय घोळ घालतील ते पाहावं लागेल. "घाई नाही पोरी," ते म्हणाले, "वीस वर्षं थांबलो." मग दारात थांबून, "पण लई थांबूही नको."

14 सप्टेंबर, शनिवार

गणपती बसलेत, लाउडस्पीकरपुढे अभ्यास होत नाही. म्हणून प्रोग्रॅम लिहायला घेतला. साइटवरून बदलून घेता आलं असतं, पण तिथे आलेलं पहिलंच पान पाहिलं आणि जीव वर आला. 'स्थिती'चं 'सि्थती' झालं होतं. हे रूप वेबसाइटवरच्या बातम्यांतही दिसतं, मला आधी वाटायचं टाइप करणाऱ्याची चूक.

प्रोग्रॅमचं पहिलं काम सोपं: कोष्टक. डी म्हणजे क, के म्हणजे काना. सोपं म्हटलं तोवर भ आला. कृतिदेवमध्ये भ असा एक नाहीच. अर्धा भ आणि त्यापुढे काना असे दोन ठोके. ख, थ, श, ण यांचंही तेच. टाइपरायटरवर कळा थोड्या, म्हणून तो उभा दांडा सगळ्यांनी वाटून घेतलेला. म्हणजे 'भ'मधला दांडा आणि 'भा'मधला काना मशीनच्या लेखी एकच. तेव्हा आधी दोन-दोन ठोक्यांच्या जोड्या तपासायच्या, मग सुटे. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. हे माझ्या करंगळीला माहीत होतं.

22 सप्टेंबर, रविवार

वेलांटी सुटली.

अडचण अशी. टाइपरायटर डावीकडून उजवीकडे जातो, पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, म्हणून ती आधी मारायची. वेलांटी आधी, अक्षर मागून. कृतिदेवने तेच उचललं. युनिकोडमध्ये उलटं. 1991 साली युनिकोड आलं तेव्हा देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या इस्की या प्रमाणावरून घेतली आणि तिचा क्रम उच्चाराचा आहे: आधी अक्षर, मग त्याची वेलांटी, दिसते कुठेही का असेना. दोन्हीकडे शहाणी माणसं होती. एकाने डोळ्याचं ऐकलं, एकाने कानाचं.

मग वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे टाकली की झालं? 'किती' जमतं. 'स्थिती'त पुढचं अक्षर अर्धा स आहे, वेलांटी त्याच्याच मागे जाऊन बसते आणि ते 'सि्थती' तयार होतं. तेव्हा अर्धी अक्षरं ओलांडत जायचं, पूर्ण अक्षर भेटेपर्यंत. रफाराचं बरोबर उलट. तो कृतिदेवमध्ये अक्षर झाल्यावर मारतात आणि युनिकोडमध्ये त्याचा र अक्षराच्या आधी यायला हवा. म्हणून मागे चालायचं: मात्रा ओलांडायच्या, अक्षर ओलांडायचं, त्याला चिकटलेली अर्धी अक्षरं ओलांडायची, तिथे र ठेवायचा. आणि मग येतो 'निर्मिती' हा शब्द. त्यात दोन पहिल्या वेलांट्या, एक रफार, आणि रफार ज्या 'मि'वर आहे त्याची वेलांटी आधीच उडी मारून बसलेली. आधी वेलांटी हलवायची की रफार, यावर मी तीन रात्री घालवल्या. आधी वेलांटी. मग रफार मागे चालताना तिला मात्रा समजून ओलांडतो.

रात्री साडेअकराला पडद्यावर 'निर्मिती' बरोबर उमटलं. घरात सगळे झोपलेले. मुलाला उठवून दाखवलं. त्याने डोळे चोळत पाहिलं आणि म्हणाला, "हे पायथनमधी दहा ओळीत झालं असतं." मग खाली बसला आणि पूर्ण प्रोग्रॅम वाचला. काही बोलला नाही. सकाळी त्याच्या मित्राला फोनवर सांगत होता.

आणखी एक गोष्ट हाती लागली, ती नावांच्या कामाची. कामठी हा शब्द कृतिदेवमध्ये पाच बाइट घेतो, युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत पंधरा, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. कोणी नावासाठी तीस बाइटची जागा ठेवली असेल तर रोमनमध्ये तीस अक्षरं मावतील आणि देवनागरीत फक्त दहा चिन्हं. वडिलांचं नाव अर्ध्यात तुटलेले कागद इतकी वर्षं पाहते आहे. सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही, पण आता असा कागद आला की मी आधी अक्षरं मोजते.

उर्दूचं काम करायला येणाऱ्या बाजींना हे सगळं सांगितलं. त्या शाळेत शिकवतात, संध्याकाळी माझ्याकडे इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरवर निकाहाच्या पत्रिका बसवतात. म्हणाल्या, "हमारा तो इससे बड़ा झमेला है." त्यांचे आजोबा कातिब. उर्दू मजकूर हाताने लिहून तो छापत. नस्तालिक शैलीत अक्षर जागा बदलतं, वर चढतं, खाली झुकतं. 1981मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरं हाताने काढून नूरी नस्तालिक तयार केलं, पुढे ते इनपेजमध्ये आलं. आणि इनपेजची जुनी फाइल इनपेजशिवाय उघडत नाही. म्हणजे रोग तोच. बाजी आता विचारतात, इनपेजचंही करशील का. बघू. उजवीकडून डावीकडे चालायला मला अजून शिकायचंय.

4 ऑक्टोबर, शुक्रवार

काल केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सकाळपासून व्हॉट्सॲपवर फेटे आणि कमानी. आनंद आहेच. पण अभिजात मराठीतलं माझ्या पिढीने टाइप केलेलं एवढं सगळं इंग्रजी अक्षरांच्या वेशात सीडींवर कुजत असताना मला कमानी पुरत नाहीत. जाणकार आपल्याकडे नव्हते असंही नाही. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या व्हीआरसीईतून इंजिनिअर झाले, 1991 साली पुण्यात सी-डॅकने त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम' सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्याच सी-डॅकने भारतीय भाषांसाठी कॉम्प्युटरवर पुष्कळ काम केलं. म्हणजे अक्कल होती, पैसाही होता. खाली पोचेपर्यंत मात्र प्रत्येक प्रेसने आपापला फॉन्ट उचलला, कारण तो बोटांना सवयीचा आणि बाजारात सीडीवर फुकट मिळायचा. त्यात मीही होते. स्वस्त काम मागणारं गिऱ्हाईकही होतं.

13 ऑक्टोबर, रविवार

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीवरून लोक इथल्या ड्रॅगन पॅलेस बुद्ध विहारात येतात, गावात पाय ठेवायला जागा नव्हती. नागपूरचा नवा दुमजली उड्डाणपूल गेल्या आठवड्यात सुरू झाला, त्यामुळे गाड्या आल्या लवकर आणि अडकल्या इथे.

संध्याकाळी गुरुजी आले. त्यांचं पुस्तक पूर्ण झालंय, तीनशे पानं, दोनदा वाचून. त्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती शोधायची खिडकी उघडून एका बोटाने 'हरदास' लिहिलं. फाइल त्या शब्दापाशी जाऊन थांबली. गुरुजी बराच वेळ अंगठ्याने पुढे-मागे करत राहिले.

बाबू हरदास एल. एन. आमच्या कामठीचे, जन्म 1904. 'जय भीम' हे अभिवादन त्यांनी रूढ केलं, हे बाहेरगावच्या लोकांनाही माहीत असतं. विडी कामगारांची संघटना बांधली, 1937 साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून गेले आणि 12 जानेवारी 1939 रोजी क्षयाने गेले, अवघे पस्तिशीचे. 1927च्या सुमारास त्यांनी कामठीत रात्रशाळा काढल्या, मुलांसाठी आणि मुलींसाठीही. गुरुजींचे वडील त्यातल्या एकीत शिकले. दिवसा विड्या, रात्री बाराखडी. "शिकून त्यांनी काय केलं?" मी विचारलं. "ठेकेदाराची वही वाचली," गुरुजी म्हणाले. "छाट किती लिहिली ते दिसू लागलं. मग भांडता येऊ लागलं."

मी त्यांच्याकडून टायपिंगचे पैसे घेतले, प्रोग्रॅमचे नाही. त्यांनी ऐकलं नाही आणि पन्नासची नोट टेबलावर ठेवून गेले.

20 ऑक्टोबर, रविवार

डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. एका बाईच्या नावाची दुरुस्ती पुन्हा परत आली. या वेळी मी तिला 'पुन्हा भरू' म्हटलं नाही. कागदावर नीट लिहून दिलं: कोणता रकाना, आधारवर काय आहे, पासबुकात काय आहे, किती अक्षरं मावतात, कुठे तुटलं. म्हटलं, हा कागद काउंटरवर द्या आणि कारण लेखी मागा. तोंडी ऐकून परत येऊ नका. रांगेत उभ्या असणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे.

दुकानाच्या काचेवर आज एक पाटी लावली. मजकूर इथेही उतरवून ठेवते:

जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये करून मिळेल. सीडी, पेनड्राइव्ह चालेल, फ्लॉपी असल्यास आधी विचारावे. फॉन्टचे नाव आठवत असेल तर लिहून आणावे. छापील प्रत असल्यास सोबत आणावी, ताडून पाहता येते. घरी अशा फायली पडून असतील तर लवकर आणा. सीडी कायम टिकत नाही.